डब्यांखालचं रबर

"एक सांगून ठेवतो पोरी," हुपरेकाका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर धापा टाकत म्हणाले, "खाली एकसष्ट पोरं अभ्यासाला बसल्यात. आठ दिवसांवर पेपर आलाय त्यांचा. वरनं एक दणका जरी आला ना, तर मी मेन स्विच खाली ओढणार. मागच्या वर्षी ओढला, यंदाही ओढीन."

मी म्हटलं, "काका, तुम्ही खाली जाऊन निवांत बसा. दणका आला तर स्विच मीच ओढते."

काय ऐट होती बघा. एकोणीस वर्षांची मी, डिप्लोमाचं दुसरं वर्ष, आणि सबंध इचलकरंजीत आपल्याएवढं स्पीकरमधलं कुणाला कळत नाही याची पक्की खात्री. सात वर्षं झाली आता. पण तो दिवस मला सकाळी दहापासून संध्याकाळी साडेचारपर्यंत मिनिटामिनिटानं सांगता येतो. सांगतेच, ऐका.

तर झालं होतं असं, की आमच्या गल्लीच्या टोकाला कर्णबधिर मुलांची शाळा आहे. तिथल्या मगदूमबाईंनी तीन वर्षं खेटे घालून घालून तालुक्याच्या लेझीम स्पर्धेत आपल्या मुलींचं नाव लावून घेतलं होतं. म्हणजे बाकी सगळ्या ऐकू येणाऱ्यांच्या शाळा, आणि त्यात या बारा मुली. मागच्या वर्षी पहिल्यांदा उतरल्या. स्पर्धेचा हॉल पहिल्या मजल्यावर, खाली अभ्यासिका, दोन्हींचे व्यवस्थापक हे हुपरेकाका. मुलींची लेझीम सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोवर खालची काचेची कपाटं थरथरायला लागली, एकाचा पाण्याचा तांब्या टेबलावरनं चालत चालत खाली पडला म्हणे, आणि काकांनी स्विच ओढला. बारा मुली मधेच उभ्या. स्पर्धेतनं बाद.

यंदा काकांनी लेखी दिलं होतं. बाकीच्या शाळा हॉलच्या भिंतीवरच्या छोट्या भोंग्यांवर करतात तसं करा, नाहीतर ते कपाटाएवढे डबे आणायचे असतील तर खाली काही जाता कामा नये. गेलं की बंद. मग परत कधी नाव घेणार नाही.

आणि ते कपाटाएवढे डबे कुणाचे, तर माझे. मी बनवलेले. दोन डबे, एकेकाचं वजन पंच्याऐंशी किलो, अठरा इंची स्पीकर. मागच्या वर्षी शाळेनं ते माझ्याकडनं नेले होते, पण मी परीक्षेला होते म्हणून टेम्पोवाल्यानं आणून ठेवले थेट फरशीवर. आणि इथंच तर मला कळलं होतं की चूक कुठं झाली. अरे, एवढा जड डबा टणक फरशीवर ठेवला की डब्याचा हादरा सरळ फरशीत उतरतो, फरशीतनं स्लॅबमध्ये, स्लॅबमधनं खालच्यांच्या तांब्यात. शिवाय आवाज पण गढूळ होतो, नुसतं घुमतं. डबा आणि जमीन यांची गाठ सोडवायची, की झालं. दोघांच्या मधे काहीतरी मऊ पाहिजे, पण फार मऊ नको, नाहीतर डबा डुलतो.

ते मऊ माझ्या घरातच होतं. आमचे आप्पा जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे. आता माग चालतो तेव्हा नुसता चालत नाही, नाचतो. तसाच जमिनीवर ठेवला तर महिन्याभरात कारखान्याच्या भिंतीला भेगा. म्हणून त्याच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घालतात, मधे नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर. आप्पांच्या कारखान्यात आठ माग भंगारात गेले होते, त्यांच्याखालचं रबर पोत्यात भरून पडलं होतं. मी त्यातले आठ तुकडे आणले, घरात आधी करून बघितलं, आणि काय सांगू, असा स्वच्छ आवाज मी माझ्या डब्यांतनं कधी ऐकला नव्हता. हलगीची टिपरी वेगळी, घुमणं वेगळं, सगळं सुटं सुटं.

मगदूमबाईंना मी फोनवर सांगितलं, "बाई, तुम्ही काळजीच करू नका." बाईंना त्या दिवशी मतदार याद्यांचं काम लागलं होतं, त्या थेट दुपारी येणार होत्या. त्या म्हणाल्या, "तेजश्री, मुली दहाला हॉलवर येतील, मिसबाह सगळं सांभाळते. तू तेवढं खालचं बघ."

तेवढं खालचं मी बघितलं. दोन हमाल लावून डबे वर चढवले, प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांखाली रबर सरकवलं, वायरी जोडल्या. बारा मुली भिंतीला ओळीनं उभ्या राहून बघत होत्या. गुलाबी फेटे, हातात लेझीम. त्यांच्यात उंच, हडकुळी, कपाळाला आठी घातलेली ती मिसबाह मोमीन. दहावीला होती. मला खुणांची भाषा येत नव्हती, तिला माझं बोलणं ओठांवरनं थोडं कळायचं. मी अंगठा दाखवला, तिनं दाखवला नाही.

मी हलगी लावली, पाहिजे तेवढी मोठी केली, आणि खाली काकांना फोन.

"काका, काय ऐकू येतंय?"

"लाव की आधी."

"लावलंय."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला फोनवर. मग काका म्हणाले, "खरंच लावलंय?"

मी फोन स्पीकरजवळ धरला. काका म्हणाले, "च्यायला." मग म्हणाले, "बरं आहे. असंच ठेव."

झालं की काम. मी खुशीत वळले आणि मुलींना हातानं खूण केली, चला, करा सुरू. आणि मुली तशाच उभ्या. माझ्याकडं बघतायत. मी पुन्हा खूण केली. त्यांनी मिसबाहकडं बघितलं. मिसबाहनं माझ्याकडं बघितलं, मग डब्यांकडं, आणि नाइलाजानं पहिलं पाऊल टाकलं.

आता तुम्हाला काय वाटतं, मी काय समजत होते? मला वाटायचं या मुली बाईंचे हात बघून नाचतात. बाई समोर उभ्या राहून एक दोन तीन चार करत असतील, आणि गाणं बिणं आपलं समोर बसलेल्यांसाठी. शाळेत बास, म्हणजे तो खालचा घुमणारा आवाज, एवढा का फुगवून लावतात, तर मला वाटायचं, कळत नाही बिचाऱ्यांना आवाजातलं. असं वाटायचं मला. खोटं कशाला सांगू.

तर मिसबाहनं पाऊल टाकलं, पुढच्या चौघी तिच्याबरोबर निघाल्या, मागच्या सातजणी अर्ध्या श्वासानं मागं राहिल्या. चार पावलांत दोन ओळी झाल्या, सहा पावलांत तीन. दोघींच्या लेझीम एकमेकींत अडकल्या. सगळ्यात धाकटी जी होती, पाचवीतली, ती उलटी वळून थेट भिंतीकडं तोंड करून नाचायला लागली. समोर हलगी अशी खणखणीत चाललेली, आणि पुढं ही पळापळ. मिसबाहनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

ती तरातरा माझ्याजवळ आली. फरशीवर दोनदा पाय आपटला, बोट खाली फरशीकडं केलं, आणि मान हलवली. नाही.

मी म्हटलं, "घसरतंय होय?"

आणि मी धावत जाऊन कोपऱ्यातली मोठी सतरंजी ओढत आणली आणि त्यांच्या पायाखाली पसरली. पसरून वर हात झाडले. आता मला आठवलं तरी कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं. मिसबाहनं सतरंजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्या सतरंजीचं एक टोक धरून ती अशी काही भिरकावली की ती खुर्च्यांवर जाऊन पडली. बाकीच्या मुली हसायला लागल्या. ती हसली नाही. तिनं दप्तरातनं वही काढली, पेन काढलं, आणि लिहून माझ्यासमोर धरलं.

'गाणं कधी लावणार?'

मी म्हटलं, "लावलंय की." बोटानं दाखवलं, ते बघ, सुरू आहे. तिनं जाऊन डब्यावर तळहात ठेवला. हां, मान डोलावली, आहे. मग खाली बसून तोच तळहात फरशीवर ठेवला. मान हलवली. मग ती उठली, माझं मनगट धरलं आणि मला ओढत हॉलच्या मधे नेलं. माझ्या चपलांकडं बोट केलं. मी काढल्या. मग तिनं तिचे दोन्ही हात माझ्या दोन्ही कानांवर दाबून धरले, घट्ट, दुखेल इतके. आणि आम्ही दोघी तशाच समोरासमोर उभ्या.

काही नाही. थंड फरशी. हलगी कुठंतरी लांब, पाण्याखाली गेल्यासारखी.

मग ती डब्याकडं गेली आणि खांद्यानं रेटायला लागली. तेव्हा मला उमगलं ती काय करतेय. मी गेले, आम्ही दोघींनी मिळून एक कोपरा उचलला, धाकटीनं सुर्रकन रबर ओढून काढलं. दुसरा कोपरा. तिसरा. चौथा. पंच्याऐंशी किलो बसले फरशीवर. आणि मिसबाहनं माझे कान परत दाबायच्या आतच ते आलं. तळव्यातनं आलं, पिंढरीतनं वर, गुडघ्यात, पोटात. हलगीचा एकेक ठोका. आणि माझ्या मागं सगळ्या लेझीम एकदम वाजल्या. एका वेळी. मी वळून बघितलं तर त्या नाचायलाच लागल्या होत्या, कुणी कुणाकडं बघत नव्हतं, बघायची गरजच नव्हती, धाकटी पण बरोबर तोंड करून, पाय असे पडत होते की एकाच माणसाचे बारा जोडे.

खालनं आरोळी आली. "ए पोरी. बंद कर ते."

मी बंद केलं. बाराही पाय हवेत थांबले.

मगदूमबाईंना मी जिन्यात बसून फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, तुला सांगायचं राहिलंच माझ्याकडनं. त्या जमिनीतनंच ऐकतात. मला वाटलं तू एवढी स्पीकरवाली, तुला माहीत असणार."

"मला नव्हतं माहीत बाई."

"आता काय करायचं?"

"रबर ठेवलं तर मुलींना येत नाही. काढलं तर काका स्विच ओढतात."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला रडूच यायला लागलं. "मी नाव मागं घेते. मधेच बंद पडण्यापेक्षा ते बरं. गेल्या वर्षी त्या आठवडाभर लेझमीला हात लावत नव्हत्या."

"नाव मागं घेता?" म्हणत मी फोन ठेवला आणि बघितलं तर मिसबाह बाजूच्या कठड्याशी उभी. किती वेळ उभी होती देव जाणे, पण माझं तोंड वाचत होती. तिनं वही पुढं केली. 'मी दहावी. पुढच्या वर्षी शाळेत नाही. नाव काढायचं नाही.' आणि खाली मोठ्या अक्षरात, 'तू कर काहीतरी. डबे तुझे आहेत.'

साडेअकरा वाजले होते. मुलींचा नंबर पहिलाच, चार वाजता. मी गाडीला किक मारली आणि कारखान्यात गेले.

कारखान्याला त्या दिवशी सुट्टी होती. आप्पा एकटेच एका मागाच्या पोटात डोकं घालून तेल सोडत बसले होते. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यानं आप्पांना निम्म्याहून कमी ऐकू यायचं. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे, पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि समोर बसून सगळं ओरडून सांगितलं.

आप्पांनी ऐकून घेतलं. तेलाची बुधली खाली ठेवली. म्हणाले, "मग त्यात नवल काय? मी तरी कुठं कानानं ऐकतो? धोटा अडला, पट्टा सैल झाला, मला पायाला कळतं. चप्पल घालून मला माग दुरुस्त करता येत नाही, ठाऊक आहे ना तुला."

ते मला ठाऊक होतं. जन्मापासून ठाऊक होतं. आप्पा कारखान्यात अनवाणी हिंडतात, मला वाटायचं, सवय असेल त्यांची.

"तू घरात त्या डब्यांखाली रबर घातलंस ना," आप्पा कापसाच्या बोळ्याला हात पुसत म्हणाले, "तेव्हापासनं मला पण काय येईना झालंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. आधी संध्याकाळी तू लावायचीस, मी आपला भिंतीला टेकून बसायचो जमिनीवर. बरं वाटायचं. आता नुसता तो डबा बघत बसायचा होय? म्हणून मी बाहेर कट्ट्यावर जातो."

"मग सांगायचं नाही का आप्पा?"

"तू म्हणालीस लई सुधारलंय. मी म्हटलं, सुधारलं असेल."

म्हणजे मी महिनाभर घरात ज्याची फुशारकी मारत होते, त्यानं माझ्या बापाला मी खोलीबाहेर काढलं होतं, आणि तो माणूस कट्ट्यावर बसून म्हणतोय सुधारलं असेल. मी तिथंच मागाला टेकून बसून राहिले. आप्पांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, तेलकट हातानंच.

"रडायला वेळ आहे का तुझ्याकडं? चार वाजता आहे ना ते? मला सांग, तो हुपरे कशावर चिडतो? आवाजावर का हादऱ्यावर?"

"हादऱ्यावर. हवेतला आवाज खाली जातच नाही फारसा, दारं लावली की."

"आणि पोरींना काय पाहिजे?"

"हादरा."

"फरशीतनंच पाहिजे का? का कशातनं पण चालंल?"

आणि तिथं, तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी उठूनच उभी राहिले. रबर चुकीच्या ठिकाणी होतं एवढंच. मी डब्याच्या आणि जमिनीच्या मधे घातलं, पण मुली उभ्या होत्या जमिनीच्या बाजूला. म्हणजे मी मुलींनाच तोडलं होतं. मुलींना डब्याच्या बाजूला घ्यायचं. एक मोठी लाकडी फळी, तिच्यावर डबे, रबर बिबर काही नाही, फळीला चिकटून घट्ट. त्याच फळीवर मुली. आणि ती अख्खी फळी, डब्यांसकट, मुलींसकट, ठेवायची रबरावर. हादरा फळीत फिरेल, पायांत जाईल, आणि रबराशी येऊन थांबेल.

मी हे सगळं आप्पांना हातवारे करून सांगत होते, अर्धं ओरडून, अर्धं दाखवून. आप्पा म्हणाले, "मला कळलंय. मी तेच म्हणत होतो. पोतं उचल."

पुढचे चार तास कसे गेले विचारू नका. मंडपवाल्याकडच्या गणपतीच्या स्टेजच्या फळ्या, आठ बाय चारच्या, सहा. त्या टेम्पोत घातल्या. पोत्यातले उरलेले सगळे रबराचे तुकडे. हॉलवर आलो तर मुली जागच्या हलल्या नव्हत्या, जेवणाचे डबे खाल्लेले, फेटे बांधलेले, नुसत्या बसलेल्या. मिसबाहनं फळ्या बघितल्या आणि माझ्याकडं बघून भुवया वर केल्या. मी वहीत चित्र काढून दाखवलं. खाली फरशी, तिच्यावर ठिपके ठिपके रबराचे, त्यावर फळी, फळीवर दोन चौकोन आणि बारा काड्या. ती चित्राकडं बघत राहिली, मग पेन घेतलं आणि बारा काड्यांतल्या एकीला फेटा काढला. आणि वळून मुलींना हातांनी असं काही भराभरा सांगितलं की पुढच्या मिनिटाला बारा मुली पोत्यातनं रबर काढून ओळीनं मांडायला लागल्या होत्या.

आप्पा रांगत रांगत प्रत्येक तुकडा हातानं दाबून बघत होते. "हा कडक झालाय, काढ. हा मधे घाल, मधे वजन जास्त येणार." ओरडूनच बोलत होते नेहमीसारखे, मुलींच्या पाठीशी उभे राहून सुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण थोड्या वेळानं बघते तर आप्पा गप्प होते आणि धाकटीला नुसत्या हाताच्या खुणांनी काम सांगत होते, आणि तिला सगळं कळत होतं. दोघांचं मस्त चाललं होतं.

फळ्या एकमेकींना बोल्टानं आवळल्या. मगदूमबाई आल्या त्या साडेतीनला, हातात मतदार याद्यांची पिशवी तशीच. हुपरेकाकांना गाठून त्यांनी विचारलं, फळ्या चालतील का. काका म्हणाले, "फळ्या घाला, पलंग घाला, मला देणंघेणं नाही. खाली दणका आला की स्विच." आणि ते खाली जाऊन बसले, स्विचच्या शेजारी खुर्ची टाकून.

करून बघायला वेळच राहिला नाही. डबे फळीवर चढवले तेव्हा पावणेचार झाले होते, प्रेक्षक यायला लागले होते, परीक्षक पाणी पीत होते. मी नुसता एक ठोका दिला, हळू. बाराजणींनी वाकून फळीवर तळहात ठेवले होते. मिसबाहनं वर बघितलं. अंगठा दाखवला.

बाईंनी माईक घेऊन लोकांना सांगितलं, "आमच्या मुलींना टाळ्या ऐकू येत नाहीत. तेव्हा आवडलं तर दोन्ही हात वर करून हलवा." लोकांनी दारं लावली, खिडक्या लावल्या. मी हलगी लावली. आणि आवाज पूर्ण वाढवला. आप्पांनी सांगितलं होतं, अर्धवट लावायचं नाही, रबरावर विश्वास नसेल तर आणायचंच नव्हतं.

माझी नजर जिन्याच्या दारावर. मी लेझीम बघितलीच नाही धड. पहिलं मिनिट गेलं. मागच्या वर्षी दोन मिनिटांत काकांनी स्विच ओढला होता, म्हणून मी घड्याळात बघत होते. दोन मिनिटं झाली. लाईट चालूच, दार बंदच. मग मला हळूच जाणवलं की हॉलमध्ये कुणी बोलत नाहीये. मी वळले.

फळी जिवंत झाली होती हो. दिसत होतं डोळ्यांनी. ठोका पडला की फळीवरची धूळ टणकन उडायची आणि त्याच क्षणी बारा टाचा खाली. ठोक्याच्या मागं नाही, पुढं नाही, ठोक्यातच. बाकी शाळांची मुलं ऐकून पाऊल टाकतात, म्हणजे एक केसभर मागं असतातच. या मागं नव्हत्या. मिसबाह मधे, डोळे मिटलेले, अख्खी लेझीम डोळे मिटून. फळीच्या मागच्या कोपऱ्यात, डब्याला पाठ टेकवून, अनवाणी आप्पा उभे. तिथं कुणी उभं राहायचं ठरलं नव्हतं. डबा हलू नये म्हणून धरलाय असं त्यांनी नंतर सांगितलं. पंच्याऐंशी किलोचा डबा.

साडेआठ मिनिटं. शेवटचा ठोका पडला, बारा लेझीम वर गेल्या आणि थांबल्या. आणि सगळ्या हॉलनं हात वर केले. दोनशे माणसं, चारशे हात, नुसते हलतायत, आवाज म्हणून काही नाही. मुलींनी ते बघितलं आणि धाकटी तर फळीवर बसूनच गेली.

तेवढ्यात जिन्याचं दार उघडलं. हुपरेकाका.

बाईंनी माझा दंड धरला. मिसबाहनं काकांना बघितलं आणि लेझीम छातीशी धरून फळीवर पुढं येऊन उभी राहिली.

सगळा हॉल हात वर करून बसलेला काकांनी बघितला. त्यांना काही टोटल लागेना. ते आवाज दाबून बाईंना म्हणाले, "काय झालं? लाईट गेली का? सव्वाचार होत आले, सुरू कधी करणार तुम्ही? पोरं विचारायला लागल्यात, चहाला आत्ता जाऊ का दणका झाल्यावर जाऊ."

कुणीतरी पहिल्या रांगेत फसकन हसलं. बाईंनी मुलींकडं वळून काका काय म्हणाले ते हातांनी सांगितलं, आणि बाराजणी अशा हसल्या, फेटे सुटेपर्यंत. मिसबाह पण. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, मोठं, खडबडीत, कुणी ऐकतंय का याची फिकीर नसलेलं.

काका मला म्हणाले, "म्हणजे झालं?"

"झालं काका."

"खोटं बोलू नको."

मिसबाह फळीवरनं खाली उतरली, काकांच्या समोर गेली आणि त्यांच्या चपलांकडं बोट केलं. काकांना कळेना. मी म्हटलं, "काढा म्हणतेय." त्यांनी काढल्या. तिनं त्यांचं मनगट धरलं, फळीपाशी आणलं, आणि माझ्याकडं बघून खूण केली, लाव.

परीक्षकांनी पुढच्या शाळेचा कागद बाजूला ठेवला. मी लावलं. काकांनी आधी एक पाय ठेवला फळीवर, मग तो तसाच ठेवून खाली फरशीवरच्या दुसऱ्या पायाकडं बघितलं, परत वरच्याकडं बघितलं. मग आप्पांनी हात पुढं केला, आणि तो धरून काका वर आले.